यायची आहे

फुलंब्री
दि. १७ जून २०२५

चि. सौ. मेघास,
सांडूमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? शाळा कालच उघडली असेल. खडूच्या धुळीनं तुला दरसाल खोकला लागतो, यंदा काय म्हणतो? राजकुमाररावांची कंबर मोकळी झाली का? त्यांना म्हणावं, मोटारसायकल जरा हळू. श्रेयाचा पुढचा दात पडला होता, नवा आला का? तुझा भाऊ सोमनाथ बरा आहे ना, साखर कारखान्यात हल्ली पाळी कोणती? आणि जिचं सगळ्यात आधी विचारायचं मनात होतं तिचं शेवटी विचारतो. तुझी आई कशी आहे? वच्छीचा उजवा गुडघा दुखतो असं उडत उडत ऐकलं. इकडं तुझ्या मामीचा डावा दुखतो. दोघी शेजारी बसल्या असत्या तर एका वाटीतल्या तेलात काम भागलं असतं.

तू म्हणशील, फोन करायचा सोडून मामा कागद का काळे करतोय. तर बाई, फोनवर माझ्या डाव्या कानाला नुसतं वारं ऐकू येतं आणि उजव्याला तेही नाही. पत्र मात्र मला स्पष्ट ऐकू येतं.

काम असं आहे. एसटीच्या नियंत्रकाच्या खुर्चीतून रिटायर होऊन तेरा वर्षं झाली, तरी सकाळी नऊ वाजता माझे पाय स्टँडकडं चालू लागतात. तिथल्या बाकावर मी बसतो, आजचा नियंत्रक आत बसतो, आणि लोक त्याला सोडून मलाच विचारतात, "मामा, सिल्लोड आली का?" गेल्या आठवड्यात अजिंठ्याला निघालेलं एक गोरं जोडपं आलं. त्यांची टॅक्सी बंद पडली होती. बाईनं विचारलं, "बस, कम?" मेघा, चौतीस वर्षं मी या एका सवालावर पगार घेतला. मराठीत दिला, हिंदीत दिला, शहागंजच्या व्यापाऱ्यांना दखनी उर्दूत दिला. आणि त्या दिवशी तोंडातून जबाबच निघेना. मी रस्त्याकडं हात हलवत "कम, कम" एवढंच म्हणालो, तर ती बाई उठून माझ्या शेजारी येऊन बसली! नवरा उभाच. सगळा स्टँड हसला.

तेव्हा तू मला अख्खं इंग्रजी शिकवू नकोस, तेवढं आयुष्य आता राहिलं नाही. एक शब्द शिकव. कम. येईल, येऊ शकेल, यायला पाहिजे, आलीच पाहिजे, हे सगळं त्या एका शब्दातून कसं काढतात तेवढं सांग.

पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकतोय. घरी आलं आणि तुझी आई तिकडं आलेली असली तर अक्षर ओळखील, आणि तेवीस वर्षं जिनं आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही तिला उगा त्रास कशाला?

तुझा,
सांडूमामा


कन्नड
दि. २३ जून २०२५

ती. सांडूमामांना मेघाचा साष्टांग नमस्कार.

खोकला आहे, पण हुशार आहे, सुट्टीच्या दिवशी येत नाही. कंबर मोकळी झाली, मोटारसायकल हळू झाली नाही. श्रेयाला नवा दात आला, तो जुन्यापेक्षा मोठा आहे म्हणून ती सगळ्यांना हसून दाखवते. सोमनाथदादाला सकाळी नऊची पाळी. आईचा गुडघा दुखतो, पण ती कुणाला दुखतो म्हणत नाही. जिना टाळते, त्यावरून आम्ही ओळखतो.

आता धडा. "कम" हा अगदी साधा माणूस आहे, मामा. त्याच्या पुढं कॅन बसो, मे बसो, मस्ट बसो, तो आपला जसाच्या तसा राहतो. त्याला शेपूट लावायचं नाही. "मस्ट कम्स" नाही, "मे टू कम" नाही. नुसतं कम.

कॅन कम म्हणजे येऊ शकते, रस्ता आहे, ताकद आहे. मे कम म्हणजे येईलही, नाहीही. किंवा आपण "ये, हरकत नाही" म्हणून परवानगी देतो तेव्हाही तेच. माइट कम म्हणजे त्याहून पातळ आशा. शुड कम म्हणजे हिशेबानं आता यायला पाहिजे. विल कम म्हणजे येईल, बोलणाऱ्याला खात्री आहे. मस्ट कम म्हणजे आलंच पाहिजे. आणि एक वुड कम आहे. जुन्या काळी कुणी नेमानं यायचं, त्याला वुड कम म्हणतात.

यावर बारा वाक्यं लिहून पाठवा. रोजच्या जगण्यातली हवीत, पुस्तकातली नकोत.

मामीच्या गुडघ्याला माझा नमस्कार.

तुमची,
मेघा


फुलंब्री
दि. २८ जून २०२५

चि. सौ. मेघास आशीर्वाद.

धडा समजला. तू साधा माणूस म्हणालीस, मी आपला एसटीवाला, मला ती गाडी वाटली. गाडी तीच, पुढची पाटी बदलायची. "कन्नड" लावली की कन्नडची, "सिल्लोड" लावली की सिल्लोडची. गाडीचं काही बदलत नाही, फक्त आत बसणाऱ्याचं नशीब बदलतं.

पण तुझं ते "विल" मला लिहिता येत नाही बघ. मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच दिवशी आमच्या साहेबांनी खुर्चीत बसवून सांगितलं होतं, "सांडू, गाडी फाटकात डोळ्यांनी दिसेपर्यंत 'येईल' म्हणायचं नाही. 'यायची आहे' म्हणायचं. येईल म्हटलं आणि नाही आली, तर लोक तुझी गचांडी धरतील. यायची आहे म्हटलं तर तू सुटलास." चौतीस वर्षं मी असाच सुटत आलो. घरातसुद्धा तीच सवय लागली. तुझी मामी विचारायची, दिवाळीला सुट्टी मिळंल का? मी म्हणायचो, मिळायची आहे.

ही घे वाक्यं.

द बस मे कम. द बस शुड कम ॲट टेन. द बस कॅन नॉट कम, टायर पंक्चर. रेन माइट कम. माय सन कृष्णा शुड कम ॲट सेवन, तो वाळूजला कंपनीत असतो. माय डॉटर-इन-लॉ सोनिया मे कम लेट. वाइफ सेज, यू मस्ट कम, भाकरी कोल्ड. डॉग मस्ट नॉट कम. माय सिस्टर कॅन कम. माय सिस्टर मे कम. माय सिस्टर माइट कम. माय सिस्टर वुड कम एव्हरी पंचमी.

मोजून बारा.

आता पाटी लागलीच आहे तर बोलतो. मला तिचा राग ठाऊक आहे, मेघा. तुझे आजोबा अण्णा गेले त्या साली तिनं जमिनीच्या हक्कसोडीवर सही केली. त्यानंतरची पंचमी आली आणि ती आली नाही. तेव्हापासून नाहीच. कृष्णाच्या लग्नात कार्यालयात आली, अक्षता टाकल्या, जेवली, आणि तिथूनच कन्नडची गाडी धरली. मी तुझ्या मामीला म्हटलं, जमीन टोचते तिला. विहिरीजवळचा तुकडा मी आजही तिच्या नावानं लावून द्यायला तयार आहे. पण सांगणार कसं? बहिणीला असलं बोलणं म्हणजे आणखी मीठ चोळणं.

उत्तर लवकर दे.

सांडूमामा


कन्नड
दि. ४ जुलै २०२५

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

बारापैकी अकरा मार्क. कुत्र्याच्या वाक्याला श्रेया अजून हसते आहे. "भाकरी कोल्ड" मध्ये "इज" पाहिजे, पण तो अर्धा मार्क मामीकडं बघून सोडला.

एक मार्क गेला तो यासाठी की "माय सिस्टर मस्ट कम" तुम्ही लिहिलं नाहीत. हुकूम वाटला असेल. पण मस्ट हा नुसता हुकमाचा नसतो, मामा. जीव लावणारं माणूस दारातून निरोप देताना म्हणतं ना, "यायचंच हं, सबब चालायची नाही," तिथंही इंग्रजीत तोच मस्ट बसतो.

जमिनीचं मात्र मनातून काढून टाका. मी आईला सहज म्हणून विचारलं, ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "जमीन? ती काय मी डोक्यावर घेऊन फिरणार होते?" मग खरं कारण काय ते मला माहीत आहे. पण तिनं शपथ घातली आहे. म्हणते, "त्याला सांगून कळलं तर त्यात काय राह्यलं? त्याचं त्याला उमजू दे." मी मध्ये अडकले आहे. एवढंच सांगते, त्या पंचमीला तुम्ही काय केलं होतं ते नीट आठवा.

नागपंचमी या महिन्याच्या एकोणतीसला आहे.

मेघा


फुलंब्री
दि. ९ जुलै २०२५

चि. सौ. मेघास आशीर्वाद.

आठवलं. दोन दिवस बाकावर बसून आठवलं आणि उमजलं.

त्या साली पंचमीची गर्दी एवढी होती की माणसं टपावर चढत होती. मला रजा नव्हती. अण्णा नव्हते. मी काय केलं, कन्नडच्या नियंत्रकाला कंट्रोल रूमच्या फोनवर सांगितलं, बाबा, साडेनऊच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागची तीन नंबरची सीट माझ्या बहिणीसाठी धर. त्यानं बिचाऱ्यानं स्वतःचा टॉवेल टाकून धरली, आणि एका माणसाकरवी तिच्या घरी निरोप पाठवला की सीट ठेवलीय, जमलं तर ये. सणाच्या दिवशी खिडकीची सीट, मेघा! आमदाराला मिळाली नसती. गाडी फुलंब्रीला आली, मी पळत गेलो, तर सीटवर नुसता टॉवेल.

आता कळलं. एवढ्या चेंगराचेंगरीत, धक्के खात, सामान घेऊन तिनं यावं असं मी म्हटलं, त्याचा तिला गुस्सा आला. बरोबरच आहे. बाईमाणसाला त्या गर्दीत बोलावणं शोभत नाही. पुढच्या साली तर मी नुसतं कार्ड टाकलं, यायचं असेल तर ये. तिथं तर सीटही नव्हती.

इलाज केला आहे. कृष्णाचा मित्र आकाश, त्याची गार हवेची चारचाकी आहे. येत्या रविवारी, तेरा तारखेला, सकाळी दहापर्यंत तो तुझ्या आईच्या दारात गाडी लावील. गर्दी नाही, धूळ नाही, स्टँडपर्यंत चालायचं नाही. गुडघ्याखाली घ्यायला तुझ्या मामीनं उशी दिली आहे. तिला म्हणावं, पंचमी करूनच जा.

माय सिस्टर शुड कम. बघ, मेवरून शुडवर आलो.

सांडूमामा


कन्नड
दि. १५ जुलै २०२५

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमच्या उशीवर आई टेकली नाही, हे तुम्हाला आकाशनं सांगितलंच असेल. पण तो परका, त्याला जे दिसलं नाही ते मी सांगते.

रविवारी मी माहेरी आईकडंच होते. गाडीचा हॉर्न वाजला तशी आई पदर सारखा करत बाहेर आली. तिनं मागचं दार उघडून आत पाहिलं. मग वळसा घालून पलीकडचं दार उघडून पाहिलं. मग आकाशला विचारलं, "एकटाच का रे, बाबा?"

तो म्हणाला, "व्हय आत्या. मामांनी सांगितलंय, एकदम आरामात न्यायचं."

"बरं. ये, चहा घे."

चहा झाला, पोहे झाले. मामीसाठी कुरडयांचा आणि शेवयांचा डबा गाडीत ठेवला. मी म्हटलं, "आई, बस ना." ती म्हणाली, "गाडी चांगली हाय. ज्याची हाय त्याला बसू दे." आणि उशी परत दिली.

शपथ कारण न सांगण्याची आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगायला बंदी नाही. त्या पंचमीला मी सतरा वर्षांची होते.

आदल्या दिवसापासून आईची पिशवी भरलेली होती. सकाळी आंघोळ करून, हिरवं लुगडं नेसून ती ओट्यावर बसली. आमच्या आळीत तिच्यासारख्या सात-आठ सुना होत्या. एकेकीला माहेरी न्यायला मुराळी येत होता, कुणाचा भाऊ, कुणाचा चुलता, कुणाचा तर दहा वर्षांचा भाचा. येणारा टोपी सारखी करायचा, घरच्या वडीलधाऱ्यांना "न्यायला आलोय" म्हणायचा, शिदोरी उतरवायचा, आणि ती सून नाचत आत पळायची. आई प्रत्येकीला म्हणत होती, "जा गं बाई, माझा भाऊबी येतोच हाय." नऊच्या सुमारास स्टँडवरचा एक हमाल आला आणि ओट्यासमोर उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "तीन नंबरची सीट ठेवलीय, जमलं तर जा." माझी मोठी काकू आतून म्हणाली, "वच्छला, तुला न्यायला मूळ एसटीनं आलं गं!" सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसली. दुपारी बारा वाजेपर्यंत ओट्यावरच बसली होती. मग पिशवी मोकळी केली.

तुमची बारा वाक्यं मी पुन्हा वाचली, मामा. त्यांत बस येते, पाऊस येतो, कृष्णा येतो, कुत्रा येतो, बहीण येते. सगळे तुमच्याकडं येतात. तुम्ही बाकावर बसून आहात.

मेघा


फुलंब्री
दि. २१ जुलै २०२५

चि. सौ. मेघास आशीर्वाद.

पत्र शुक्रवारी मिळालं.

तुझ्या मामीला वाचून दाखवलं. ती शेवया चुरत होती. तिनं हात थांबवला नाही, फक्त विचारलं, "तवा तिला आणायला कोण गेलं होतं?"

मी म्हटलं, "गाडी."

"आन परवा?"

"गाडीच."

"गाडी तिचा भाऊ हाय का?"

बस, एवढंच बोलली आणि शेवया तव्यात टाकल्या. मी म्हटलं, तुला माहीत होतं तर तेवीस वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणते, "मला वाटलं, तुम्ही जाऊन, हात जोडून, नकार घेऊन आला असाल. असं बहिणीच्या दारात न जाता कुणी रुसवा धरतं का, हे माझ्या ध्यानातच आलं नाय."

मेघा, मला अण्णा आठवतात. बैलगाडी जुंपायचे, मला पुढं बसवायचे. वच्छीच्या सासरी पोचलो की आधी मला पुढं करायचे, "जा, मुराळी तू हायस, तू बोल." मी बोलायचो. परत येताना ती गाडीत मागं बसून मला चिमटे काढायची. हे सगळं मला ठाऊक होतं. लहानपणी दहा वेळा केलेलं काम मी मोठेपणी एसटीला सांगितलं. मी नोकरीच अशी केली की माणूस दिसायचाच नाही, गाडी दिसायची. कोणती आली, कोणती यायची आहे. गाडी लावून दिली की माणसाचं काम झालं, अशी माझी तसल्ली. आणि सीट रिकामी आली तेव्हा मीच मोठा दुखावलेला. तिच्या घरापासून माझं घर दोन तासांवर. तेवीस वर्षांत मला एकदाही वाटलं नाही, जाऊन विचारावं.

आता वाक्य लिहितो. हे मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं, साहेब असते तर रागावले असते.

आय विल कम.

येत्या शनिवारी, सव्वीस तारखेला, पहाटेच्या पहिल्या गाडीनं. आकाशची गाडी नाही, कुणाची सोबत नाही. तिला सांगू नकोस. पण दारात मला उभं तरी करील का, याची मला भीती वाटते. पायांत बळ आहे, तोंडात नाही. तुला काही सुचत असेल तर दोन ओळी लगेच पाठव.

सांडूमामा


कन्नड
दि. २३ जुलै २०२५

ती. मामांना नमस्कार.

सांगितलं नाही. शनिवारी माझी सकाळची शाळा, साडेअकराला सुटते. तुम्ही आणि ती, मध्ये कुणी नको.

तोंडाचं काय घेऊन बसलात, लहानपणी काय म्हणायचात तेच म्हणा. फक्त मराठीत. आणि टोपी घाला.

मेघा


फुलंब्री
दि. १ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मेघास,
सांडूमामाचे आणि मामीचे अनेक आशीर्वाद. आणखी एकीचे आहेत, ते खाली.

टोपी घातली होती. अण्णांची जुनी सापडली, ती कपाळावर जरा सैल होती. पिशवीत नारळ, खण, लाह्या आणि मामीनं बांधून दिलेलं गूळ-खोबरं. साडेआठला तिच्या दारात पोचलो. दार उघडंच होतं. आत वच्छी पाठमोरी, माठ भरत होती. मी ओट्यावर पाय ठेवला नाही, खालीच उभा राहिलो.

ती न वळता म्हणाली, "कोण हाय?"

मी म्हटलं, "मुराळी."

माठात पाणी पडत होतं ते पडतच राहिलं. माठ भरून वाहू लागला, खाली थारोळं झालं, तरी हिचा हात नळावर जाईना. शेवटी नळ बंद केला आणि वळली. मेघा, ती लई म्हातारी झालीय गं. लग्नाकार्यात बघतो तेव्हा दिसत नाही. तिनं माझ्या टोपीकडं पाहिलं.

"लई लेट झाली गाडी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "बिघाड होता."

"कुठं?"

"नियंत्रकात."

तेव्हा ती हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "असं उभ्या उभ्या कुणी नेत नसतं. घरच्या वडीलधाऱ्याला विचार आधी." घरात वडीलधारा कोण? तिच्यापरीस मोठं आता कुणीच नाही. तर सोमनाथला हाक मारली. तो पाळीवर निघाला होता, डबा हातात. एकाहत्तर वर्षांचा मी, भाच्यापुढं टोपी सारखी करून म्हणालो, "पंचमीला आमच्या वच्छीला न्यायला आलोय. धाडता का?" तो बिचारा गांगरला, "मामा, असं काय..." म्हणू लागला, तर त्याच्या आईनं डोळे वटारले. मग सरळ उभा राहून म्हणाला, "न्या. पण सांभाळून न्या." शेजारच्या दोन बायका कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. वच्छी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझा भाऊ आलाय न्यायला."

पिशवी भरायला किती वेळ लागेल म्हणून मी विचारलं. तर ती खाटेखालून भरलेली पिशवी घेऊन आली. मी ती तिच्या हातातून घेतली.

तुला भेटायला थांबलो नाही, राग मानू नकोस. साडेनऊचीच गाडी धरायची होती. मी म्हटलं, गुडघा दुखेल, रिक्षा, चारचाकी, काही बघू का? ती म्हणाली, "गप चल." तीन नंबरच्या सीटवर एक जण बसला होता. मी त्याला सांगू लागलो, बाबा, जरा ऐक, याला तेवीस वर्षं झाली... तो घाबरून उठला. वच्छी खिडकीशी बसली, मी शेजारी. फुलंब्री दोन किलोमीटर राहिली तेव्हा ती म्हणाली, "मीबी हट्टीच, सांडू. एकदा आपली आपण निघून आले असते, तर काय पाय झिजले असते?" आणि मला चिमटा काढला. एकाहत्तराव्या वर्षी दंडावर निळं पडलंय, मामीला दाखवलं.

आमच्या उंबऱ्याशी मामी भाकरतुकडा घेऊन उभी होती. दोघींनी ओवाळणं राहू दिलं आणि आधी कोणाचा गुडघा जास्त दुखतो यावर वाद घातला. मी बाहेर बाकावर बसून खिशातली डायरी काढली. नोकरीत गाडी फाटकात आल्याशिवाय मी रजिस्टरमध्ये कधी शाई लावली नाही, तशीच आता लावली. अकरा पस्तीस. आली.

पंचमीला दिंडं झाली, लाह्या झाल्या. सोनियानं अंगणातल्या लिंबाला दोर बांधला, वच्छीनं दोन झोके घेतले आणि तिसऱ्याला "बास, बास" ओरडली. आता रोज सकाळी ती माझ्यासोबत स्टँडवर येते, बाकावर बसते. काल एक गोरा आला. मी म्हटलं, "द बस मे कम, सर. सिट." वच्छी म्हणाली, "त्याला मस्ट म्हण की रे, लांबून आलाय."

तिला पत्र वाचून दाखवलंय. ती म्हणते, तिचे आशीर्वाद लिही, आणि मेघाला कळव की चोरून शिकवण्या घेतल्याबद्दल कान उपटायचा आहे. परत जायचं विचारलं, तर म्हणते, "जायला मी मोकळी नाय. आणलेल्या माणसाला न्यायला घरचं माणूस यावं लागतं." सोमनाथला सांग, घाई नको. गौरीच्या आधी कधीही चालेल, पण गाडी धाडू नको म्हणावं, स्वतः ये.

कोण येतंय आणि कधी, ते मात्र लवकर लिही. आम्ही दोघं रोज साडेनऊला बाकावर आहोत.

तुझा,
सांडूमामा